नाणं वाजवून बघणारा

(दृश्य: बँकेतला सोनेतारण विभाग. कोपऱ्यात छोटं टेबल.)

पारख्याने बांगडी काळ्या दगडावर एकदाच ओढली. पिवळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब. रेघ टिकते की विरते, एवढंच बघायचं. शाखेत संगणक आहेत, कॅमेरे आहेत. पण कर्ज किती मिळणार, हे आधी या टेबलावर ठरतं.

(दृश्य: जुन्या रुपयांचा ढीग. त्यांवरचे बारीक ठोके जवळून.)

पेशवाईत या पारखण्याच्या कामाला हुद्दा होता, पोतदार. शब्द फारसी ‘फोतेदार’वरून आला. सरकारी खजिन्यात येणारं नाणं पारखायचं, हे त्याचं काम. काम सोपं नव्हतं, कारण रुपया एक नव्हताच. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, सुरती वेगळा. टांकसाळी अनेक, चांदीचा कस कमी-जास्त. शिवाय हाताळून झिजलेली नाणी, कडा कातरलेली नाणी. पोतदार वजन बघे, नाणं वाजवून कान देई. आतली चांदी तपासायला सराफ बारीक ठोका मारत. जुन्या रुपयांवरचे हे ठोके त्यांचेच. नाणं हलकं ठरलं की किमतीतून कापला जाई तो बट्टा. आपण नावाला बट्टा लावतो, माणसाला ‘खणखणीत नाणं’ म्हणतो, ते याच बाजारातून उचललेलं.

गावात हे काम बहुधा सोनाराकडे असे. पण पोतदार ही जात नव्हे. आडनाव सोनारांत सापडतं, तसं ब्राह्मणांतही. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी आयुष्यभर इतिहासाची जुनी कागदपत्रं पारखली. योगायोगच, पण झकास!

(दृश्य: १८३५चा कंपनी रुपया. चौथ्या विल्यमचा चेहरा.)

१८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. देशी रुपये लगेच संपले नाहीत, वर्षानुवर्षं चालत राहिले. पण हमी आता छापातच आली. पोतदाराच्या कानाचं काम सरत गेलं, आडनाव राहिलं. सराफ मात्र हुशार निघाला. नाणी बदलून देणारा तो, दागिन्यांच्या पेढीवर स्थिरावला. आज सराफ म्हटलं की नाणी कोणाला आठवतात?

(दृश्य: पुन्हा बँक.)

जून २०२१पासून देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचा झाला. त्यात सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, प्रत्येक दागिन्याचा निराळा.

“हॉलमार्क आहे की हो त्याला,” काउंटरपलीकडच्या बाई म्हणतात.

“दिसतंय, ताई.” पारखी भिंगातून क्रमांक वाचतो, वहीत लिहितो. मग दगड पुढे ओढतो.

(आवाज: सोनं दगडावर घासल्याचा.)