खानावळ काढायची राहिली होती

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं कमी केलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. लेकीकडे लंडनला राहायला आलीये आणि तिच्या मैत्रिणी म्हणाल्या की काकू, मेळाव्यात घरच्या स्वयंपाकावर बोला, म्हणून उभी आहे. माझी नोकरी बँकेतली, स्वयंपाक घरचा, पण स्वयंपाकाबद्दल मला मनापासून सांगायचंय आणि त्यातलं एक काम असं आहे की ते तुमच्या मदतीशिवाय व्हायचं नाही. ते कुठलं ते सांगतेच, पण त्याआधी ते डोक्यात आलं कुठून ते सांगायला हवं.

मी नारायण पेठेतली. आमच्या वाड्यात तळमजल्यावर एक खानावळ होती, आता वाडाही नाही आणि खानावळही नाही, तिथे अपार्टमेंट झालंय. चालवणाऱ्या काकूंना सगळा वाडा काकूच म्हणायचा. सातारा, सांगली, नगर, कोकण, कुठून कुठून शिकायला आलेली पोरं सकाळ-संध्याकाळ जेवायला यायची, पाट मांडलेले, ताटं पितळेची कल्हई केलेली. मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिथेच जाऊन बसायचे, मटार सोल, ताटं पूस, मीठ वाढ, जे सांगतील ते करायचे. आणि बघायचे. काकूंना प्रत्येक पोराचं माहीत असायचं. कोकणातल्या मुलाला आधी भात, मग पोळी. सोलापूरकडचा एक होता त्याचं पोळीने पोट भरायचं नाही, तर एवढ्या पोळ्यांच्या रगाड्यात त्याच्या एकट्यासाठी दोन भाकऱ्या थापायच्या. एकाला वांगं सोसायचं नाही, अंगावर पित्त उठायचं, तर वांग्याच्या दिवशी त्याच्या ताटात बटाटा. कुणी दोन दिवस नीट जेवला नाही तर तिसऱ्या दिवशी जवळ बसून विचारायच्या, घरून पत्र आलं का रे?

तेव्हा माझं ठरलं होतं की मोठी झाले की मी खानावळ काढणार. शाळेत बाईंनी विचारलं की कोण होणार, तर बाकीच्या डॉक्टर, शिक्षिका असं सांगत होत्या आणि मी उभं राहून सांगितलं, खानावळ काढणार. वहीच्या मागच्या पानांवर आठवड्याचे बेत लिहून ठेवायचे, सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी पिठलं, गुरुवारी अळूचं फतफतं त्यात शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ, रविवारी गोड. आईने ती पानं बघितली, रागावली नाही, म्हणाली आधी शिक, पायावर उभी राहा, मग काय काढायचं ते काढ.

आई अजून एक गोष्ट नेहमी सांगायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी पाळण्यात होते. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, नारायण पेठ, शनिवार पेठ, कितीतरी वाडे पडले. आमचा वाडा उभा राहिला पण काकूंची भांडी, धान्य, सगळं वाहून गेलं किंवा चिखलात गेलं. आणि पाणी ओसरल्यावर काकूंनी उसनी पातेली आणून सगळ्यात आधी चूल पेटवली ती वाड्यातल्या सगळ्यांसाठी, नुसता खिचडीभात, पण गरम.

पुण्याबद्दल लोक काय काय बोलतात, आम्ही दुपारी दुकानं बंद ठेवतो आणि दारावर पाट्या लावतो वगैरे. पण ह्याच गावात शिकायला आलेल्या गरीब मुलांना घराघरांतून जेवू घातलेलं आहे. वार लावून जेवायची पद्धत होती, सोमवारी ह्यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे, असे आठवड्याचे वार ठरलेले आणि त्यावर मुलांची शिक्षणं झाली. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहायक समिती काढली, खेड्यातल्या मुलांना राहायला-जेवायला सोय व्हावी म्हणून, ती आजही चालू आहे. आणि वारी तर तुम्ही सगळ्यांनी बघितलेली आहे, माउलींची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला, आणि त्या दिवसांत गल्लोगल्ली वारकऱ्यांच्या पंगती बसतात, कोण कुठला कुणी विचारत नाही. अनोळखी माणसाला आपल्या घरचं अन्न वाढणं हे आमच्याकडे जुनं आहे, मी काही नवीन काढत नाहीये.

तर शिकले, बँकेत लागले, लग्न होऊन कोथरूडला आले, आणि खानावळ राहून गेली. त्याचं मला दुःख होतं असं नाही कारण घरात माणसं भरपूर होती, डबे भरपूर होते, दिवाळीला फराळाचे घाणे निघायचे. गोडा मसाला आजही घरीच करते, धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, एकेक वेगळं भाजून. पण स्वयंपाक मी खऱ्या अर्थाने शिकले ते सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत, आणि त्यावर जरा सविस्तर बोलते कारण इथे बसलेल्या बऱ्याच जणांचे आई-वडील त्याच वयाला आलेले आहेत.

सासूबाई उत्तम स्वयंपाक करणाऱ्या, आणि त्या म्हणायला लागल्या की कशालाच चव नाही. आमटी केली की वरून मीठ मागायच्या. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वय झालं की वास येणं कमी होतं, आणि पदार्थाची चव आपण म्हणतो ती बरीचशी वासावर असते, म्हणून म्हातारी माणसं मीठ-साखर वाढवत जातात, आणि त्यांना नेमकं ब्लडप्रेशर असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. मग मी काय केलं, मीठ कमी आणि वास जास्त. फोडणी आयत्या वेळी, ताटात वाढायच्या क्षणी, जिरं आणि हिंग आणि कढीपत्ता तडतडताना त्यांच्या नाकापर्यंत पोचला पाहिजे. आमसूल, लिंबू, आलं, ह्यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. कोथिंबीर आधी चिरून ठेवायची नाही. आठवड्याभरात त्यांनी वरून मीठ मागायचं बंद केलं.

दातांचं तसंच. कवळी बसत नव्हती, पोळी चावायला त्रास व्हायचा, आणि त्या काय करायच्या तर बोलायच्या नाहीत, नुसतं दूध-पोळी कुस्करून खायच्या आणि झालं म्हणायच्या. मग वरणफळं सुरू केली, काहीजण चकोल्या म्हणतात, कणकेच्या पातळ शंकरपाळ्या कापून तुरीच्या वरणात शिजवायच्या, वरून तूप, हे एका वाडग्यात पूर्ण जेवण आहे, डाळ पण गेली आणि गहू पण गेला. संध्याकाळी तांदळाची उकड, ताकातली, लसणाच्या फोडणीची. दुपारी चारला मुगाचं कढण, कारण ह्या वयात तहान लागल्याचंही नीट कळत नाही आणि नुसतं पाणी पी म्हटलं की पीत नाहीत, पण कढण, सार, ताक दिलं की पोटात जातं. भात नेहमी इंद्रायणीचा, बासमती नाही. इंद्रायणी १९८७ साली आपल्या मावळातल्या संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहोराच्या वंशातला आहे म्हणून वास तसाच येतो, आणि शिजला की मऊ आणि चिकट होतो, म्हाताऱ्या माणसाला घशाखाली उतरायला सोपा. मोकळा फडफडीत भात पाहुण्यांसाठी ठीक आहे.

सासूबाई गेल्या, नंतर मी रिटायर झाले, आणि आमच्या सोसायटीत जरा लक्ष देऊन बघायला लागले. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, कुठेही जा, तीन-तीन बेडरूमचे फ्लॅट आणि त्यात दोन म्हातारी माणसं नाहीतर एकच. पैशाची अडचण नाही, मुलं चांगली आहेत, रोज फोन करतात. पण जेवण बघाल तर सकाळी चहा-खारी, दुपारी कालची पोळी, रात्री दूध. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो हो, कुणालाही येईल, जन्मभर दहा माणसांचं करायची सवय असलेल्या बाईला तर वाटीभर आमटी कशी करायची हेच सुचत नाही. डबे मिळतात, चांगलेही मिळतात, पण सगळ्यांना एकच डबा, तीच तेलाची भाजी, त्याच चिवट पोळ्या, आणि डबा दाराच्या कडीला अडकवून माणूस निघून जातो. चार घास खाऊन उरलेलं सगळं कामवाल्या मावशींना जातं.

तर मी खानावळ काढतीये. दसऱ्याला सुरू करायची आहे.

माझ्याबरोबर बँकेतल्या दोन मैत्रिणी आहेत आणि आमच्याकडे बरीच वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आहेत, त्या पगारी नाहीत, बरोबरीच्या भागीदार आहेत, हे मी आग्रहाने सांगते. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा एक फ्लॅट भाड्याने घेतलाय, अन्न सुरक्षा कायद्याखाली रजिस्ट्रेशन झालंय, तो १४ आकडी नंबर भिंतीवर लावलाय. पंचवीस डबे, त्याच्यावर एकही नाही, कारण पंचवीस माणसांचं खाणं मला लक्षात ठेवता येईल, शंभर जणांचं नाही येणार. प्रत्येक डब्यावर नाव. ह्यांना साखर चालत नाही, ह्यांना वातड काही नको, ह्यांचा शनिवार असतो, ह्या चतुर्थीला चंद्र बघून मग जेवतात तर त्या दिवशी डबा उशिरा.

आणि डबा नेऊन द्यायला मुलं. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं तुम्हाला माहीत असतील, बीड, लातूर, नांदेडहून येतात, कॉटबेसिसवर राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात आणि महिनाअखेर एक वेळचं जेवण कमी करतात. आत्तापर्यंत पाच जणांशी बोललीये. त्यांनी कोथरूडला यायचं, पाच-पाच डबे घेऊन जायचं, पण कडीला अडकवायचं नाही, आत जायचं, ताट वाढायचं, थोडं बसायचं, बोलायचं, मग पुढच्या घरी. आणि परत येऊन आमच्याकडे पोटभर जेवायचं, त्याचे पैसे नाहीत, वर बसभाडं आणि महिन्याला काही रक्कम. त्यातला एकजण म्हणाला, काकू मला गावाकडे आजी आहे, मला म्हाताऱ्या माणसांशी बोलता येतं. मला तो तिथेच पसंत पडला.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते कारण तुमच्यापैकी कुणीतरी नंतर विचारणारच. डब्याचे पैसे आई-वडिलांनी स्वतः द्यायचे, तुम्ही इथून भरायचे नाहीत. मुलाने पैसे भरले की आमची पिढी दोन महिन्यांत म्हणते की कशाला उगाच खर्च, बंद कर. स्वतः पैसे मोजले की हक्काने सांगतात आज भाजी कच्ची होती, उद्या नीट करा. मला तसं सांगणारी माणसं हवी आहेत. ज्यांना खरंच जमत नाही त्यांचं आम्ही आपसात बघू.

आता तुमचं काम. मला तुमच्या आई-वडिलांबद्दल तुमच्याकडून लिहून हवंय. त्यांना विचारू नका, आई म्हणणार मला काहीही चालतं, आणि बाबा म्हणणार तिला विचार. तुम्ही आठवून लिहा. बाबा आमटीत गूळ घातला तर खातात का, आई कारल्याला नाक मुरडायची का, सणाला तिच्या माहेरचं असं काय होतं जे लग्नानंतर तिला कुणी करून घातलं नाही. ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या लेकीला माझ्याबद्दल देता आलं नव्हतं, ती दोन दिवस विचार करत होती आणि मग तिने मला खोदून खोदून विचारून घेतलं, आणि त्या निमित्ताने आम्ही माझ्या आईबद्दल रात्री एकपर्यंत बोलत बसलो.

आणि फोनची वेळ. तुम्ही ऑफिस सुटल्यावर सहाला फोन करता तेव्हा उन्हाळ्यात तिकडे साडेदहा वाजलेले असतात, ती माणसं जागी राहून वाट बघत असतात, जेवण कधीच उरकलेलं असतं, विचारलं की जेवलो म्हणतात. शनिवार-रविवारी जमलं तर इथल्या तीन वाजता करा, तिकडे साडेसात, ताट समोर असतं. व्हिडिओवर ताट बघा. काय जेवलीस विचारायची गरजच पडणार नाही.

तिकडे पाण्याच्या टेबलाशेजारी कोरे कागद आणि पेनं ठेवली आहेत. पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात ज्यांचे आई-वडील आहेत त्यांनी जेवणं झाली की लिहून माझ्याकडे द्या, बाकीच्या भागातल्यांनीही लिहा, सहकारनगरला माझी एक मैत्रीण असंच सुरू करायचं म्हणतीये, तिला देईन. गोड काय आवडतं ते मात्र सगळ्यांनी लिहा, डायबेटिस असला तरी लिहा, त्याचं काय करायचं ते मी आणि मावशी बघतो.