तालमीला जायचं नाही म्हणणारं पोर

येळ्ळूर, कडोली, कंग्राळी, मुचंडी. बेळगावभोवतीच्या आपल्या या गावांत पोराला तालमीत घालायचं हे घर ठरवतं. आजोबा मातीतले, वडिलांनी जत्रेच्या फडात कुस्त्या मारलेल्या, मग सात-आठ वर्षांचं पोरही लंगोट लावून हौद्यात उतरतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं आणि त्या वयात त्यात गैर काही नाही. प्रश्न येतो तो बाराव्या-तेराव्या वर्षी. पोर म्हणतं, "पप्पा, मला उद्यापासून तालमीला जायचं नाही."

तेव्हा आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? "एवढा खुराक घातला तुला!" दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. उद्यमबागेत फौंड्रीत पाळी करणाऱ्या बापाच्या पगाराचा केवढा तरी वाटा त्यात जातो. त्याचा जीव तुटतो, हे मला कळतं. पण मंडळी, खुराक म्हणजे पोराच्या नावावर लिहिलेली उधारी नव्हे. खाल्लेलं त्याच्या अंगी लागलंय, तालीम सुटली म्हणून ते कुठं जात नाही. उधारीची भाषा ऐकली की पोर खरं बोलायचंच थांबतं. मग रोज पहाटे पोट दुखतं, गुडघा दुखतो, आणि आपण डॉक्टरकडं फेऱ्या मारत बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. शाळा सोडायची का, हे पोरानं एकट्यानं ठरवायचं नाही. खेळ सोडायचा का, हे मात्र त्यानंच ठरवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकावं आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं. भारतानं १९९२ मध्ये हा करार मान्य केलाय. खेळाच्या बाबतीत मी त्याहून पुढं जातो.

पण ठरवू द्यायचं म्हणजे "कर तुला काय करायचं ते" म्हणून पाठ फिरवायची नाही. कारण शोधणं हे आपलं काम. पोर आधी सांगतं ते कारण बहुधा वरवरचं असतं. चारचौघांत विचारू नका, वस्तादांसमोर तर नकोच. शेताकडं जाताना, गाडीवर मागं बसलेलं असताना विचारा. वजन उतरवायला उपाशी ठेवतात का? अंगापेक्षा जड जोड देतात का? कुणी मारतं का, नको तिथं हात लावतं का? या शेवटच्या प्रश्नाला पोर नुसतं गप्प राहिलं तरी त्या दिवसापासून तालीम बंद. तसं काही घडलं असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पोलिसांत जायचं. गावाची अब्रू वगैरे नंतर बघू.

नुसता पराभव झोंबला असेल तर थोडे दिवस जाऊ द्यावेत आणि पुन्हा विचारावं. कबड्डीच्या संघात नाव दिलेलं असेल तर ती स्पर्धा पुरी कर, असं सांगणं रास्त आहे, कारण बाकीची सहा पोरं त्याच्यावर अवलंबून असतात. कुस्तीत मी तेवढंही सांगणार नाही. मन नसलेलं पोर डावात ढिलं पडतं आणि मान दुखावून घेतं.

घाईही कशाला? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलंय की बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदो खेळायची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिनं कांस्यपदक आणलं ते कुराशमध्ये, म्हणजे मध्य आशियातल्या कुस्तीत.

तिचं नाव घेतलं म्हणून आणखी एक. मुलींच्या बाबतीत आपण उलटं करतो. तिला खेळायचं असतं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी घर म्हणतं, "आता बास." कपडे, प्रवास, लोक काय म्हणतील. मुलाला सोडायचा हक्क देणार असाल तर मुलीला न सोडायचा हक्कही द्यावा लागेल. प्रवासाची काळजी वाटत असेल तर सोबत जा.

आणि पोरानं सोडायचं ठरवलं, तर वस्तादांकडं त्याला एकट्याला धाडू नका. दोघं मिळून जा, पाया पडा, सांगा. गल्लीत कुणी "पैलवानाचं पोर पळालं काय?" म्हणालं, तर "त्यानं ठरवलंय, मला मान्य आहे" असं म्हणा. पोर शेजारी उभं असताना म्हणा.