बटलर गावची जीप

नमस्कार श्रोतेहो.

जीप म्हटलं की मला खेमकरणची आठवण होते. १० सप्टेंबर १९६५. हवालदार अब्दुल हमीद रिकॉइललेस तोफ बसवलेली उघडी जीप घेऊन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या गाडीला ना चिलखत, ना छप्पर. आधार होता तो तिच्या चपळाईचा.

ही चपळाई कुठून आली, ते आज सांगायचं आहे.

१९४० साली युरोप युद्धात होरपळत होता. अमेरिकी सैन्याला घोड्याच्या आणि साइडकारच्या जागी हलकी, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी हवी होती. सव्वाशेहून जास्त कंपन्यांना विचारणा झाली. पण पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, ही अट वाचूनच बहुतेकांनी हात टेकले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने मात्र होकार दिला. त्यांनी कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. कंत्राट मिळालं तरच पैसे, अशा बोलीवर तो आला आणि त्याने अवघ्या दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरवला! २३ सप्टेंबरला गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड तळावर पोचली. मुदत संध्याकाळी पाचची होती. हाताशी अर्धा तास उरला होता.

सैन्याला गाडी पसंत पडली. पण एवढासा कारखाना हजारोंनी गाड्या कशा देणार, म्हणून बॅन्टमची रेखाचित्रं विलीज आणि फोर्ड या मोटार कंपन्यांना दाखवली गेली. विलीजचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, सगळ्यांत दमदार, हे मान्यच करायला हवं. मोठं कंत्राट विलीजला मिळालं, पाठोपाठ फोर्डलाही. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. पुढे मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुटे भाग आणून जोडायला घेतली, तीही विलीजचीच.

बॅन्टमच्या वाट्याला तीन हजारसुद्धा गाड्या आल्या नाहीत. मला हा अन्याय वाटतो. ज्यांनी वाट पाडली, त्या बटलरच्या कामगारांनी युद्धाची उरलेली वर्षं ट्रेलर बनवण्यात घालवली. दुसऱ्यांच्या जीपमागे जोडायचे, छोटे, दोन चाकांचे ट्रेलर.