किल्ली कोणाकडे? इलेक्ट्रिक मसल कार आणि ट्यूनिंगचा धंदा

[दृश्य : डेट्रॉइटची वुडवर्ड अव्हेन्यू. रांगेने जाणाऱ्या जुन्या मसल कार.]

२०२१ च्या जुलैमध्ये डॉज या अमेरिकन कार कंपनीने जाहीर केलं : आम्ही इलेक्ट्रिक गाड्या विकणार नाही, आम्ही विकणार अमेरिकन ई-मसल. म्हणजे विजेवरची मसल कार; मसल कार म्हणजे दांडग्या इंजिनाची, सरळ रस्त्यावर सुसाट पळणारी अमेरिकन गाडी. घोषणा झकास होती. गॅरेजवाल्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. या गाडीचं बॉनेट उघडून आम्ही करायचं काय?

कारण शोरूममधून निघालेली मसल कार ही पुरी झालेली गाडी नव्हेच, असं तिथले शौकीन मानतात. साठच्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावात डॉन येन्को नावाचा शेव्हर्ले विक्रेता त्या कंपनीच्या कॅमॅरो गाडीत ४२७ घनइंचांचं, म्हणजे सुमारे सात लिटरचं इंजिन बसवून देत असे. कंपनी देत नाही ना? मग आम्ही देतो! सुटे भाग बनवणाऱ्यांची ‘सेमा’ ही संघटना १९६३ मध्ये उभी राहिली. आज लास वेगासमधलं तिचं वार्षिक प्रदर्शन ही या मंडळींची पंढरीच आहे.

पेट्रोल इंजिनाची ताकद वाढवायची तर हवा, इंधन आणि ठिणगी या तिघांचं गणित बदलायचं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची, म्हणजे सुपरचार्जरची, पुली लहान बसवली की तो जास्त वेगाने फिरतो, जास्त हवा कोंबतो. कॉम्प्युटरमधला तक्ता त्याप्रमाणे सुधारून घ्यायचा. डॉजची ७०७ हॉर्सपॉवरची पेट्रोल मसल कार हेलकॅट आली तेव्हा तिच्या कॉम्प्युटरलाही डॉजने कुलूप घातलंच होतं. ट्यूनर लोकांनी, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणाऱ्या कारागिरांनी, तेही उघडलं. गाडीतला कॉम्प्युटर काढायचा, कुरिअरने पाठवायचा, आठवड्याभरात कुलूप काढून परत. हा राजरोस धंदा झाला.

[दृश्य : डॉजच्या चार्जर डेटोना या इलेक्ट्रिक मसल कारचा कापून दाखवलेला सांगाडा. बॅटरी, इन्व्हर्टर, मोटर.]

इलेक्ट्रिक गाडीत खेळाडू तीनच. बॅटरी वीज देते, इन्व्हर्टर ती मोजून मोटरकडे सोडतो, मोटर फिरते. ताकद किती मिळणार हे बहुतेक वेळा इन्व्हर्टरला घालून दिलेला एक आकडा ठरवतो : जास्तीत जास्त इतका करंट. वाटतं, आकडा बदला, काम झालं.

इथेच खरी मेख आहे. चार्जर डेटोनाच्या ‘स्कॅट पॅक’ या जोरदार आवृत्तीची ताकद ६७० हॉर्सपॉवर, म्हणजे ५०० किलोवॅट. बॅटरी ४०० व्होल्टची. भागाकार केला तर पूर्ण जोरात बॅटरीतून साडेबाराशे अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. आपल्या घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, यावरून अंदाज करा. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट २० टक्के वाढवला तर उष्णता ४४ टक्क्यांनी वाढली. ती सोसायची बॅटरीच्या सेलनी, तांब्याच्या पट्ट्यांनी, फ्यूजने आणि इन्व्हर्टरमधल्या सेमीकंडक्टरनी. मोटरमधले कायमचे चुंबकही फार तापले तर आपलं चुंबकत्व गमावतात, आणि ते थंड झाल्यावर परत येत नाही.

क्वार्टर माइलच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या सरळ शर्यतीत हे खपून जातं. स्कॅट पॅक ते अंतर साडेअकरा सेकंदांत कापते. तेवढ्यात काही वितळत नाही. पण लागोपाठ पाच-सहा धावा झाल्या की बॅटरी तापते, चार्ज उतरतो, व्होल्टेज खाली बसतं, आणि कॉम्प्युटर गुपचूप ताकद कापतो. म्हणून माझ्या मते इलेक्ट्रिक मसलचा खरा ट्यूनर आधी कूलिंगचा माणूस असावा लागेल, नंतर सॉफ्टवेअरचा.

व्होल्टेज वाढवणं हा दुसरा मार्ग. ८०० व्होल्ट असतील तर तेवढ्याच ताकदीला निम्मा करंट पुरतो. शेव्हर्लेने २०१८ मध्ये दाखवलेली ई-कोपो कॅमॅरो अशीच ८०० व्होल्टची होती. फोर्डच्या मस्टँग कोब्रा जेट १४०० या शर्यतीच्या गाडीने २०२० मध्ये क्वार्टर माइल ८.२७ सेकंदांत मारलं, शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी १६८ मैल. पण या कारखान्यात बांधलेल्या नमुन्याच्या गाड्या. ४०० व्होल्टची गाडी घरी नेऊन ८०० ची करायची म्हणजे बॅटरीपासून चार्जरपर्यंत सगळंच बदलायचं. मग ते ट्यूनिंग कसलं!

[दृश्य : डॅशबोर्डचा स्क्रीन. बोट एका बटणावर थांबलेलं.]

आता कुलपाकडे वळू. टेस्लाने २०१९ च्या अखेरीस मॉडेल थ्रीसाठी दोन हजार डॉलरला वेग विकायला काढला. गाडीत एक स्क्रूही बदलायचा नव्हता. पैसे भरा, सॉफ्टवेअर येईल, ताशी ६० मैलांचा वेग ४.४ ऐवजी ३.९ सेकंदांत. म्हणजे ती ताकद गाडीत आधीपासूनच होती. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या क्वेबेकच्या इंजेनेक्स्ट कंपनीने तेच काम बरंच स्वस्तात करणारी डबी बाजारात आणली. टेस्लाने नव्या अपडेटमधून उत्तर दिलं : गाडीत न जुळणारा बदल आढळला आहे, असा इशारा स्क्रीनवर झळकू लागला. हेलकॅटला असा रातोरात बदल सोसावा लागत नव्हता; इलेक्ट्रिक गाडी इंटरनेटवरून रोज कंपनीला फोन करते. मर्सिडीजने तर अमेरिकेत जास्तीचा वेग वर्षाला १२०० डॉलर भाड्याने द्यायचं ठरवलं. सोफ्यासकट घर घ्यायचं आणि सोफ्यावर बसायचं वेगळं भाडं भरायचं, तसलाच हा मामला.

डॉजची भूमिका तिचे तेव्हाचे प्रमुख टिम कुनिस्किस यांनी २०२२ मध्ये उघड मांडली होती. आशय असा : बदल करू नका असं आम्ही म्हणत नाही, पण ते आमच्यामार्फत करा, म्हणजे काम नीट झालंय हे आम्हाला कळेल. त्यासाठी ‘डायरेक्ट कनेक्शन’ या आपल्या विभागातर्फे टप्प्याटप्प्याने ताकद विकायचा बेत होता. प्रत्यक्षात गाडी आली तेव्हा ते टप्पे किमतीतच धरलेले होते. गंमत म्हणजे गाडीच्या इंजिनासारख्या कृत्रिम आवाजासाठी कंपनीने १२६ डेसिबलची बढाई मारली, आणि २०२५ मध्ये पादचाऱ्यांना सावध करणारा आवाजच येत नाही म्हणून याच गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

कायद्याची बाजू उलटी आहे. पेट्रोल-डिझेल गाडीच्या ट्यूनरला अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याची धास्ती असते. धूर रोखणारी यंत्रणा बंद पाडली की जबर दंड. इथे धूरच नाही. मालकाने आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरचं कुलूप कायदेशीर बदलासाठी उघडण्याला कॉपीराइट कायद्यात २०१५ मध्ये मंजूर झालेली सवलतही आहे. ते उघडायची हत्यारं विकायला मात्र ती लागू नाही, आणि धंदा तर हत्यारांचाच असतो.

तेव्हा नव्या गाडीवर हात चालतो तो चाकं, ब्रेक, सस्पेन्शन आणि वजन यांच्यावर. वजनावर काम भरपूर आहे, कारण डेटोना अडीच टनांच्याही वर जाते.

[दृश्य : गॅरेज. लिफ्टवर इंजिन काढलेली जुनी गाडी.]

मोकळं रान आहे ते जुन्या गाड्यांत. फोर्डने २०२१ मध्ये ‘एल्युमिनेटर’ नावाची २८१ हॉर्सपॉवरची मोटर सुटी, ३,९०० डॉलरला विकायला काढली. बॅटरी आणि इन्व्हर्टर तुमचा तुम्ही शोधायचा. म्हणून पुष्कळ जण अपघातात गेलेल्या टेस्ला मॉडेल एसचं मागचं युनिट उचलतात : मोटर, इन्व्हर्टर, गिअर एकाच खोक्यात. हे खोकं मूळ गाडीशिवाय कोणाचं ऐकत नाही. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी त्यावर उपाय काढला : आतला कंट्रोल बोर्ड उपटायचा आणि त्या जागी खुल्या आराखड्याचा नवा बोर्ड बसवायचा. मग करंटची मर्यादा म्हणजे लॅपटॉपवर मालकाने स्वतः टाइप केलेला आकडा. चुकला तर कंपनीचा इशारा येत नाही, इन्व्हर्टर जळतो, आणि भंगारवाल्याकडे दुसरं युनिट शोधायला निघावं लागतं.