पगारपत्रक आणि गुणतक्ता

श्रोतेहो, नमस्कार.

अमुक फुटबॉल खेळाडू इतक्या कोटींना विकत घेतला, ही बातमी नेहमीच ठळक छापून येते. पण संघ लीगमध्ये कितवा येईल हे ताडायचं असेल, तर मी आधी त्याचं पगारपत्रक बघतो. क्रीडा-अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी 1978 ते 1997 या काळातले इंग्लंडच्या 40 क्लबांचे हिशेब तपासले. कोणता क्लब सरासरीने वर राहिला आणि कोणता खाली, यातला सुमारे 90 टक्के फरक नुसत्या पगारखर्चावरून उलगडत होता. खेळाडू-खरेदीच्या रकमांवरून फारच थोडा.

असं का व्हावं? खरेदीची रक्कम एकदाच ठरते, तीही अंदाजाने. पगार मात्र पुन्हा पुन्हा ठरतो. मुलगा दोन महिने चमकला की त्याचा एजंट नवा करार मागतो. त्यात युरोपीय न्यायालयाच्या 1995च्या बोस्मन निकालामुळे करार संपलेला खेळाडू युरोपात कुठेही मोकळा जाऊ शकतो. चांगला खेळाडू कमी पगारात फार काळ टिकत नाही.

"मग लेस्टर सिटीचं काय?" असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न मला फार आवडतो. 2015-16 मध्ये लेस्टरचा पगारखर्च साधारण 8 कोटी पौंड होता, तर चेल्सीचा 20 कोटींच्या वर. तरी लेस्टर 81 गुण मिळवून प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, विजेता ठरला आणि चेल्सी दहावा. त्या वसंतात मी प्रत्येक सामना श्वास रोखून पाहिला. पण पुढे काय झालं? मधल्या फळीत चेंडू हिसकावत फिरणारा न्गोलो कान्ते उन्हाळ्यात चेल्सीकडे गेला. पुढच्या वर्षी चेल्सी विजेता, लेस्टर बारावा. एखाद्या हंगामात चमत्कार होतो. दहा-पंधरा हंगाम जाऊ द्या, पगारपत्रक आपलं म्हणणं खरं करून दाखवतं.

अर्थात हे दुहेरी आहे. पगाराने यश येतं, यशाने टीव्हीचा पैसा येतो आणि त्यातून पुन्हा पगार वाढतात. मला काळजी वाटते ती उद्याच्या यशावर आज कर्ज काढणाऱ्यांची. लीड्स युनायटेडने भावी तिकीटविक्रीच्या जोरावर 6 कोटी पौंड उचलले. 2001 मध्ये हा संघ चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत होता. पुढच्या हंगामांत मात्र त्या स्पर्धेची दारं बंद झाली, पगार तेवढेच राहिले. एकेक खेळाडू विकला गेला. 2004 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला आणि त्याच वर्षी एलंड रोड हे स्वतःचं मैदानही विकावं लागलं. 2007 मध्ये तर तो तिसऱ्या पायरीवर घसरला.

प्रीमियर लीगमध्ये परत यायला सोळा हंगाम गेले. जुलै 2020 मध्ये तो दिवस उजाडला, तेव्हा साथीमुळे प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. चाहते एलंड रोडच्या फाटकाबाहेर जमून गात होते.