परळचा मुक्काम

(दृश्य : जेरबाई वाडिया रस्ता, परळ. रात्रीचे साडेदहा. वाहनं अजून सुरू आहेत.)

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं, की ते बहुतेक वेळा तीस ते तेहतीस वेळा द्यावं लागतं. सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा. मशीनखाली माणूस असतो तो काही मिनिटं. टाटा मेमोरियलला आलेली गावाकडची माणसं त्याला ‘लाईट’ म्हणतात. फुटपाथवर कुणी नवं येऊन शेजारी टेकलं, की नाव-गाव विचारायच्याही आधी प्रश्न येतो : कितवं लाईट?

आता हिशोब करा. काम रोज काही मिनिटांचं, आणि त्यासाठी मुंबईत राहायचं सहा-साडेसहा आठवडे. रुग्णालयाच्या लेखी हा माणूस बाह्यरुग्ण. सलाईन नाही, ऑपरेशन नाही, म्हणून खाट नाही. खाट त्याच्यापेक्षा जास्त आजारी असलेल्याला द्यायची असते, आणि ते बरोबरच आहे. दुपारी त्याचा नंबर लागतो, लाईट होतं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तो मोकळा. शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून गावाला जाऊन यावं म्हटलं तर परभणी काय किंवा दरभंगा काय, जाण्यायेण्यातच दोन दिवस संपतात, आणि अंगात तेवढी ताकदही उरलेली नसते.

म्हणून तो इथं झोपतो.

(दृश्य : फुटपाथची कड. चादरी, पिशव्या, निळी ताडपत्री. चेहरे दाखवायचे नाहीत.)

या रस्त्यावर आम्ही रात्री चित्रीकरण केलं, तेव्हा एकच गोष्ट ठरवली होती. कुणाचा चेहरा दाखवायचा नाही, नाव विचारायचं नाही. आजारपणात रस्त्यावर झोपायची वेळ आली हे गावात कळू नये, असं इथल्या पुष्कळांना वाटतं. गावाकडे फोन जातो तेव्हा सांगितलं जातं, खोली मिळाली, बरी आहे.

पन्नाशीचे एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले आहेत. नाकातून नळी घातलेली, ती गालावर चिकटपट्टीने बसवलेली. तोंडाने गिळता येत नाही. शेजारी त्यांची बायको एका स्टीलच्या पेल्यात पेज ढवळते आहे. पेज गाळलेली हवी, एक शीत जरी राहिलं तरी नळी तुंबते. तिने दट्ट्या काढून टाकलेली मोठी सिरिंज नळीला जोडली, हात खांद्याच्या वर धरला आणि पेज हळूहळू ओतली. जोरात ओतली तर ठसका लागतो. शेवटी थोडं पाणी, नळी धुऊन निघावी म्हणून. ते पाणी उकळलेलं हवं. फुटपाथवर पाणी कुठं उकळणार? कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून ती बाटलीभर गरम पाणी आणते. असं दिवसातून पाच-सहा वेळा. हे सगळं तिला रुग्णालयात एका नर्सताईने शिकवलं, आणि ती ते अगदी चोख करते. फक्त हात धुवायला जवळ नळ नाही.

झोपताना उशाला काय घेतात बघा. कपड्यांचं गाठोडं नाही. रुग्णालयाची फाईल. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली. पैसे गेले तर गावाकडून मागवता येतात, चप्पल गेली तर अनवाणी चालता येतं. फाईल भिजली किंवा गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधत बसायचं.

किमोचं वेगळं आहे. तो साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतो, पण मध्ये रक्त तपासायला यावं लागतं. पांढऱ्या पेशी खाली आल्या, की पुढचा किमो लांबतो. ‘काउंट कमी आलेत, आठवडाभर थांबा’ हे वाक्य इथं रोज कानावर पडतं. पेशी कमी असताना साधा ताप जिवावर बेतू शकतो. म्हणून रुग्णाला सूचना दिलेल्या असतात : स्वच्छ जागी राहा, गर्दी टाळा, ताजं अन्न खा, भरपूर पाणी प्या. सूचना अगदी योग्य आहेत. त्या समजून घेऊन माणूस बाहेर येतो आणि गटाराच्या जाळीशेजारी चादर अंथरतो.

भरपूर पाणी प्या, यावर थोडं थांबावंसं वाटतं. इथल्या बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. रात्री उठून शौचालयात जायचं म्हणजे अंतर, अंधार, आणि सामानापाशी बसायला दुसरं कुणी नाही. किमो घेणारी बाई घशाला कोरड पडली तरी सकाळपर्यंत तशीच पडून राहते. औषध शरीरातून बाहेर जायला पाणी लागतं, आणि तेच ती टाळते. हे कुठल्याही केसपेपरवर लिहिलेलं सापडणार नाही.

(दृश्य : परळ स्टेशन, पहाट. मग हिंदमाता पूल.)

ही माणसं बेघर नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. यांना घरं आहेत. कुणाच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे, कुणाची गावात टपरी आहे, कुणी शाळेत शिपाई आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, आणि त्यापलीकडे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल. टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं अजूनही शेवटची आशा म्हणून इथंच येतात. रस्त्यापलीकडे केईएम आहे, १९२६ सालचं. जवळच मुलांचं वाडिया. इतकी सार्वजनिक रुग्णालयं चालण्याच्या अंतरावर असलेला भाग मुंबईत दुसरा नाही. आजार बरा करण्यासाठी देशाने इथं खूप काही उभं केलं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच बाहेरचा फुटपाथ मनाला जास्त लागतो.

कारण बाकीचा विचार झालेला आहे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वे स्लीपरमध्ये पूर्ण भाडं माफ करते, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत देते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलात, तर ऑपरेशन, किमो, रेडिएशनचा खर्च सरकार भरतं. म्हणजे गावातून इथपर्यंत आणायची सोय आहे, दारातून आत गेल्यावरची सोय आहे. दार ते दार यांच्यामध्ये ज्या चाळीस-पंचेचाळीस रात्री काढायच्या, त्या कुणाच्याच खात्यात नाहीत. आरोग्य खातं म्हणणार, निवारा आमचं काम नाही. पालिकेची बेघरांसाठीची योजना मुळात रस्त्यावर राहणाऱ्या शहरी गरिबांसाठी आहे. हे पाहुणे, उपचार झाले की जाणारे.

इथून हिंदमाता हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात त्याचा अर्थ काय, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. जोराचा पाऊस झाला की बातम्यांत पहिलं पाणी हिंदमाताचं दिसतं. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद झाल्या, खोल्या देणाऱ्यांनी दारं लावून घेतली, आणि कॅन्सरचे कितीतरी रुग्ण त्याच हिंदमाताच्या पुलाखाली अडकून पडले होते. तेव्हा ते सगळ्यांना दिसले, पेपरांत फोटो आले, काहींची सोय झाली. रस्ते रिकामे होते म्हणून दिसले. एरवी गर्दीत त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

(दृश्य : दादर पूर्व. धर्मशाळेचा जिना, कठड्यावर वाळत घातलेले कपडे.)

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचं उत्तरही. संत गाडगे महाराजांनी सांगितलेला रोकडा धर्म आठवा. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, आणि त्याच यादीत, बेघरांना आसरा. बाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी इथं धर्मशाळा उभ्या केल्या. दादरला त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे आणि तिथं आज कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा आणखीही जागा आहेत, आणि त्या चालवणाऱ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण धर्मशाळेत एक खाट रिकामी होते, तेव्हा तिच्यासाठी रांग लागलेली असते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आणायची, नाव लावायचं, वाट बघायची. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांची रात्र या रस्त्यावर.

जागा नाही, असं म्हणणाऱ्यांना परळमध्ये उभं करून चारी बाजूंना बघायला सांगावं. हा गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी सुरू झाल्याच नाहीत. १९९१ च्या नियमानुसार गिरणी विकायची तर जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा म्हाडाला घरांसाठी द्यायचा होता. २००१ साली नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि सार्वजनिक वाट्याला खूपच कमी आलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. टाटाच्या फुटपाथवरून मान वर केली की जे मनोरे दिसतात, ते याच जमिनीवर आहेत.

मे २०२१ मध्ये एक चांगली गोष्ट घडली होती. म्हाडाच्या शंभर सदनिका टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरलं, किल्ल्याही सुपूर्द झाल्या. इमारती रुग्णालयाजवळच्याच. महिन्याभरात तिथल्या रहिवाशांचा विरोध पुढे आला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मग बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरची शंभर घरं द्यायचं जाहीर झालं. रहिवाशांना फार दोष द्यावा असं मला वाटत नाही. घरासाठी वर्षानुवर्षं थांबलेली माणसं होती ती, आणि त्यांच्याशी आधी कुणी नीट बोललं नसावं. पण शेजारी कॅन्सरचा रुग्ण आला तर आपल्या मुलांचं काय, ही भीती मात्र आता जायला हवी. कॅन्सर शेजारी राहून होत नाही. हवेतून, भांड्यातून, लिफ्टच्या बटणातून होत नाही. उलट रुग्णालाच तुमच्या सर्दी-खोकल्यापासून जपावं लागतं.

(दृश्य : उच्च न्यायालय, फोर्ट. दुरून.)

फुटपाथवर झोपण्याचा प्रश्न कायद्याच्या दारात गेला तोही याच शहरातून. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवून माणसांना गावी पाठवायचा आदेश निघाला. त्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ ला दिला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं न्यायालयाने म्हटलं. त्यातला एक अर्जदार संगमनेरचा होता. गावात चपला शिवायचा, घर पडलं, मुंबईत बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने एका गुंडाला तीनशे रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला सातशे. हे सगळं निकालपत्रात नोंदवलेलं आहे. झोपड्या हटवायची मुभा न्यायालयाने दिली, पण ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरेपर्यंत, थांबा म्हणून सांगितलं. निदान पावसाचा विचार झाला.

पुढे २०१० साली, दिल्लीच्या थंडीत तात्पुरता निवारा पाडल्याच्या बातमीनंतर, सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांसाठी प्रमाण घालून दिलं : लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारा महिने. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. आज जे आहेत त्यांची संख्या या आकड्याच्या जवळपासही नाही. आणि जे आहेत त्यांत नळीने जेवणाऱ्या माणसाला ठेवता येईल अशी जागा शोधून सापडणार नाही.

फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर टाटातलाच मुलांचा विभाग बघावा. २००९ च्या सुमाराला तिथं पाचातलं जवळजवळ एक मूल उपचार अर्धवट सोडून जात होतं. पैसे, जेवण, राहणं, पाठपुरावा यांची जबाबदारी नीट घेतली गेली, २००६ पासून सेंट ज्यूडसारख्या संस्थांनी आईबापांसह मुलांना ठेवून घेतलं, आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. उपचार तेच होते. मूल रात्री कुठं झोपतं, काय खातं, हे कुणीतरी विचारायला लागलं होतं. अर्धवट सोडलेला कॅन्सर परत येतो, आणि परत आला की तो तितक्या सहज ऐकत नाही. मोठ्या माणसांना हे कुणी विचारत नाही, जणू वय वाढलं की रस्त्यावर झोपायची सवय होते.

(दृश्य : नोंदणी खिडकी, सकाळची रांग.)

आता टाटाच्याच शाखा वाराणसी, संगरूर, गुवाहाटी, मुजफ्फरपूरला झाल्या आहेत, खारघरला विस्तार चालू आहे. महाराष्ट्रातही ठिकठिकाणी कॅन्सरची सोय वाढते आहे. हे व्हायलाच हवं, परळचा भार त्यानेच हलका होईल. पण प्रत्येक नव्या रुग्णालयाचा नकाशा मंजूर होताना एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची मागणी आहे : रोज इतक्या लोकांना रेडिएशन देणार, तर त्यांतले किती जण बाहेरगावचे, आणि ते रात्री कुठं असतील? मशीनची किंमत धरता त्यात त्यांच्या खाटांची किंमत धरा. भटारखाना नको, चार शेगड्या, गरम पाणी, उजेड असलेलं शौचालय, आणि फाईल ठेवायला कुलूप लागणारं एक कपाट. परळमध्ये, जिथं नव्याने काही बांधायला उशीर लागेल, तिथं पालिकेच्या रिकाम्या इमारतींची यादी याच पावसाळ्याआधी काढा. आणि नोंदणी करताना गावचा पत्ता लिहून घेता, त्याखाली एक ओळ वाढवा : मुंबईत मुक्काम कुठं? तिथं कुणी ‘नाही’ म्हटलं, तर समाजसेवा विभागाकडे त्याचं नाव त्याच दिवशी गेलं पाहिजे, पहिलं लाईट मिळण्याआधी.