गालातला कापूस आणि डिप्रेशनची गोळी

कापूस लावलेली काडी गालाच्या आतून थोडा वेळ फिरवायची, नळीत टाकायची, झाकण लावायचं, झालं. ना सुई ना रक्त. मग काही दिवसांनी ह्या जीन टेस्टचा रिपोर्ट येतो, त्यात डिप्रेशनवरच्या गोळ्यांची नावं हिरव्या, पिवळ्या, लाल रकान्यांत मांडलेली असतात आणि बघणाऱ्याला वाटतं की चला, हिरव्यातली पहिली गोळी घेतली की सुटलो.

पण ते हिरवं म्हणजे नक्की काय?

त्यासाठी जरा मागे जाऊ, १९७० च्या दशकातल्या लंडनमध्ये. रॉबर्ट स्मिथ नावाचे संशोधक डेब्रिसोक्विन हे ब्लड प्रेशरचं औषध स्वतःच घेऊन बघतात, सहकारीही घेतात. बाकीचे ठणठणीत, आणि स्मिथसाहेबांचं प्रेशर असं धाडकन खाली येतं की त्यांना उभंही राहवत नाही. पुढे उलगडलं ते असं, की औषध मोडून बाहेर काढणारं लिव्हरमधलं एक एन्झाईम त्यांच्यात जन्मापासूनच जवळजवळ बंद होतं. त्याचं आजचं नाव सिप-टू-डी-सिक्स, आणि पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, नॉरट्रिप्टिलिन ह्या डिप्रेशनच्या गोळ्याही त्याच्याच हातात असतात.

त्याचं भावंड म्हणजे सिप-टू-सी-नाइन्टीन. सिटॅलोप्रॅम, एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ह्या गोळ्या ह्याच्याकडे. जीनमुळे ते मंद असेल तर नेहमीचाच डोस रक्तात साचत जातो, फार चपळ असेल तर गोळी काम करायच्या आधीच साफ. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने तर मंदवाल्यांसाठी सिटॅलोप्रॅमचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅमवरच थांबवलाय, कारण जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इथे टेस्ट खरंच कामाची आहे, त्यात वाद नाही.

पण मन कशाने हलकं होईल हे लिव्हरला कुठून कळणार? मेंदूतल्या सेरोटोनिनशी संबंधित जीन्सही काही रिपोर्टमध्ये असतात, पण २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनने त्यांच्यावरून औषध ठरवायला पुरावा पुरेसा नाही असं स्पष्ट सांगितलंय. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १,९०० हून जास्त माजी सैनिकांवरची एक ट्रायल आली, त्यात अर्ध्यांच्या डॉक्टरांना रिपोर्ट आधी मिळाला. जीनशी न जुळणाऱ्या गोळ्या त्या सैनिकांना कमी लिहिल्या गेल्या, सुरुवातीला थोडे जास्त लोक बरे झाले, आणि २४ आठवड्यांनी बघितलं तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.

तरी माणसं ह्या टेस्टकडे का धावतात ते समजतं हो. पहिल्या गोळीने डिप्रेशन पूर्ण जाणं साधारण तिघांतल्या एकाच्याच नशिबी, आणि लागू पडतेय की नाही हे कळायलाच चार ते सहा आठवडे. आधीच अंथरुणातून उठवत नसताना असे दोन-तीन प्रयोग सोसायचे म्हणजे चेष्टा नाही. मात्र रिपोर्ट बघून स्वतःच गोळी बंद करणं किंवा बदलणं, ह्याबद्दल एफडीएने २०१८ मध्येच इशारा दिलाय.

आता परत जरा मागे. १९६९ मध्ये स्वीडनमध्ये जुळ्यांना नॉरट्रिप्टिलिन दिलं होतं. एकसारख्या जुळ्यांच्या रक्तात औषधाची पातळीही जवळपास एकसारखी आली, पण अट एकच, दुसरं कुठलं औषध चालू नको.

ती अट आजही आहे. फ्लुओक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन चालू असेल तर धडधाकट सिप-टू-डी-सिक्सही अडून बसतं, जीन उत्तम असूनही माणूस स्मिथसाहेबांसारखा होतो, आणि फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात रेंगाळतं. त्या सगळ्या काळात रिपोर्टवर शिक्का मात्र नॉर्मलचाच असतो.